हिरवा दिवा आणि दमलेली बॅटरी

जळगांवाहून भुसावळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नशिराबाद हें जुनें गांव आहे. गांवाचें रेल्वे-ठाणें मात्र गांवांत नसून उत्तरेस थोड्या अंतरावर भादलीस आहे. मुंबईकडून आणि सुरतेकडून येणारे लोहमार्ग जळगांवास एकत्र मिळतात. त्यामुळें जळगांव व भुसावळ यांच्या मधल्या या लहानशा ठाण्यापुढून रात्रंदिवस गाड्यांची रीघ लागलेली असते. लांब मालगाडी पुढून जात असतां एंजिनांतील चालक आणि अगदीं शेवटच्या डब्यांतील गाडी-व्यवस्थापक (२०२२ पूर्वीं ज्यास ‘गार्ड’ म्हणत) यांच्यामध्यें सहासातशें मीटरांचें अंतर पडतें. चाकांच्या खडखडाटांत एकाची हांक दुसऱ्यास पोहोंचणें शक्य नाहीं. दोघांस जोडणारा दुवा म्हणजे मुठींत मावणारा एक बिनतारी संच. लोक त्याला वॉकी-टॉकी म्हणतात.

आतां अशी कल्पना करावी : वैशाखांतील रात्र आहे, दिवसाची धग अजून जमिनींतून निघालेली नाहीं. मालगाडी वेगानें चालली आहे आणि मधल्या एका वाघिणीच्या चाकापाशीं ठिणग्या उडतांना मागच्या माणसास दिसतात. तो संच तोंडाशीं नेतो, बोलण्याची कळ दाबतो. संचाचा दिवा क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. रेल्वेपाशीं दिवे आहेत, बावटे आहेत, रुळावर ठेवावयाचे फटाके आहेत. एका संचावर सारी भिस्त ठेवण्याइतकी ती व्यवस्था भोळी नाहीं. तरी पण जी गोष्ट दोन शब्दांत आणि दोन क्षणांत सांगून झाली असती, तिला कित्येक मिनिटें लागतात. आणि धांवत्या गाडीच्या बाबतींत मिनिटांची किंमत फार मोठी असते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं जो प्रश्न विचारला जाईल तो ठरलेला आहे : “काल संध्याकाळीं चार्जरवर हिरवा दिवा लागला होता, मग मध्यरात्रीं बॅटरी संपली कशी? घेऊन पुरतें वर्षहि झालें नाहीं!” हाच प्रश्न पुण्यामुंबईच्या गृहसंकुलांतील पहारेकरी विचारतात, गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीला आवर घालणारे स्वयंसेवक विचारतात, आणि कारखान्यांतील पाळीप्रमुखहि विचारतात. उत्तरहि ठरलेलें असतें : “माल खराब.” कधीं कधीं हें उत्तर बरोबर असतें. परंतु पुष्कळदां मालाचा दोष थोडा आणि तो वापरण्याचा व ठेवण्याचा दोष अधिक, असेंच निघतें. हें कसें, तें नीट समजून घेण्यासारखें आहे; कारण या संचांतील बॅटरी आणि घरोघरच्या खिशांतील टेलिफोनांतील बॅटरी या आतां बहुतेक एकाच कुळांतल्या आहेत.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, असा संच बॅटरीपाशीं मागतो तरी काय. घरांतील साधा रेडिओ केवळ ऐकतो. खेडोपाडीं विजेच्या तारा पोहोंचण्यापूर्वीं असे रेडिओ शिशाच्या ॲक्युम्युलेटरवर चालत. बॅटरी उतरली कीं ती बाजारांतील दुकानीं नेऊन भरून आणावी लागे. ही शिशाची बॅटरी प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधून काढलेली. ऐकण्याच्या कामाला वीज थोडी लागते आणि ती एकसारखी लागते. बोलक्या संचाचें तसें नाहीं. त्याला आकाशांत लहरी सोडावयाच्या असतात, आणि त्या क्षणीं तो बॅटरीवर अक्षरशः तुटून पडतो. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें पाठीवर वाहून नेण्याचा जो संच वापरला, त्याचें वजन पंधरा-सोळा किलोच्या घरांत होतें, आणि त्यांतील बराचसा भार कोरड्या बॅटरीचा होता. ती संपली कीं फेंकून द्यावी लागे. आज तेंच काम मूठभर बॅटरी करते आणि ती पुनःपुन्हां भरतां येते. परंतु बोलण्याच्या वेळीं पडणारा ताण टळलेला नाहीं.

हा ताण आंकड्यांत पाहिल्यास लवकर उमगतो. पांच वॉट शक्तीचा सामान्य संच बोलतांना सुमारें १५०० मिलिअँपिअर वीज ओढतो. दुसऱ्याचें बोलणें ऐकतांना सुमारें २५०, आणि नुसता कान देऊन स्वस्थ असतांना सुमारें ६०. बॅटरी किती वेळ पुरेल हें सांगतांना कारखानदार एक ठराविक हिशेब धरतात : शंभर भागांपैकीं पांच भाग बोलणें, पांच भाग ऐकणें, आणि नव्वद भाग स्वस्थता. आठ तासांच्या पाळींत या हिशेबानें २४ मिनिटें बोलणें होतें. त्याला ६०० मिलिअँपिअर-तास लागतात. २४ मिनिटांच्या ऐकण्याला १००, आणि उरलेल्या सव्वासात तासांच्या स्वस्थतेला सुमारें ४३०. एकूण खर्च ११३० च्या आसपास. बॅटरी १५०० मिलिअँपिअर-तासांची असेल तर पाळी निर्वेध पार पडते आणि गांठीं थोडें शिल्लकहि राहतें.

आतां हीच बॅटरी जुनी होऊन तिची धारणाशक्ति साठ टक्क्यांवर, म्हणजे ९०० वर आली आहे असें समजा. नेहमींच्या दिवशीं ती सवासहा तास चालेल. शेवटचे पावणेदोन तास संच मुका राहील. पण त्या वेळांत कांहीं घडलें नाहीं तर कोणाच्या फारसें लक्षांतहि येणार नाहीं. परंतु पाळीच्या चार तासांनंतर कांहीं संकट उद्भवलें, आणि एक चतुर्थांश वेळ बोलणें व एक चतुर्थांश वेळ ऐकणें असा प्रसंग आला, तर काय होईल? नव्या बॅटरींत त्या वेळीं सुमारें ९३० शिल्लक असतात. ती आणखी दोन तास साथ देईल. जुन्या बॅटरींत ३३० च्या आसपास उरलेले असतात. ती पाऊण तासहि टिकणार नाहीं. म्हणजे धारणाशक्ति कमी झाली चाळीस टक्क्यांनीं, आणि संकटकाळचा आधार तुटला साठ टक्क्यांहून अधिक. जुन्या बॅटरीचा दगा नेमका अडीअडचणीच्या वेळींच कां होतो, याचें कारण दैवांत नसून या साध्या वजाबाकींत आहे.

मग हिरव्या दिव्याचें काय? तो खोटें बोलत होता काय? नाहीं, त्याला जें विचारलें तेवढेंच त्यानें सांगितलें. तापी नदीवरील हतनूर धरणाच्या गाळाची गोष्ट जळगांव जिल्ह्यांत बहुतेकांच्या कानांवर आलेली आहे. गाळ सांचलेलें धरणहि पावसाळ्यांत कांठोकांठ भरतें; पाण्याची पातळी मोजणारी पट्टी पूर्ण आंकडाच दाखविते. पातळी पूर्ण, परंतु पाणी कमी. बॅटरीचें तसेंच आहे. चार्जरचा दिवा विजेचा दाब व प्रवाह पाहून ‘आतां अधिक मावत नाहीं’ एवढेंच कळवितो. किती मावलें, तें तो सांगत नाहीं. उलट, गाळ भरलेलें धरण लवकर भरतें, तशी दमलेली बॅटरी चार्जरवर लवकर हिरवी होते. आणि अनभिज्ञ माणूस ‘ही बॅटरी फार चांगली, चटकन् भरते’ म्हणून पहारेकऱ्याच्या हातीं तीच प्रथम देतो!

आतां हा गाळ सांचतो कशानें, तें पाहूं. बोलक्या संचांत तीन जातींच्या बॅटऱ्या आढळतात. पहिली निकेल-कॅडमियमची. स्वीडनमधील युंग्नर यानें ती १८९९ सालीं शोधिली. ती काटक, धसमुसळेपणा सोसणारी, पण जड. दुसरी निकेल-मेटल-हायड्राइडची, ती १९८९-९० च्या सुमारास बाजारांत आली. तितक्याच आकारांत तिच्यांत वीज अधिक मावते, परंतु प्रकृति नाजूक. तिसरी लिथियम-आयनची, १९९१ सालीं सोनी कंपनीनें ती प्रथम विक्रीस आणली, आणि तिच्या संशोधनासाठीं गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. निकेलच्या एका घटाचा दाब १·२ व्होल्ट, तर लिथियमच्या घटाचा सुमारें ३·७. म्हणून निकेलचे सहा घट किंवा लिथियमचे दोन घट एकापुढें एक जोडून संचाला लागणारा सव्वासात-साडेसात व्होल्टांचा दाब मिळवितात. तिघींचे स्वभाव वेगळे आहेत. परंतु एक शत्रु तिघींचा समान आहे, आणि तो खानदेशांत पुरेपूर भेटतो. तो म्हणजे उष्णता.

भुसावळ-जळगांवच्या पट्ट्यांत मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जाणें ही नवलाची गोष्ट नाहीं. हें तापमान सावलींतलें. पत्र्याच्या चौकींत, उन्हांत उभ्या केलेल्या मोटारीच्या पुढच्या फळीवर, किंवा एंजिनाच्या खिडकीशीं ठेवलेल्या संचाला त्याहून पुष्कळ अधिक ताप सोसावा लागतो. बॅटरीच्या आंत जी झीज घडते ती रासायनिक क्रिया आहे, आणि तापमान दहा अंशांनीं वाढलें कीं अशा क्रियेचा वेग ढोबळ मानानें दुप्पट होतो. मुंबईच्या वातानुकूलित कचेरींत जी बॅटरी तीन वर्षें सुखानें नांदेल, तिनें भादलीच्या उन्हाळ्यांत तितकीच वर्षें काढावीं ही अपेक्षाच चुकीची आहे.

पण उष्णतेचा खरा घाव बॅटरी चार्ज करण्याच्या वेळीं बसतो. उन्हांतून आलेला माणूस तापलेली बॅटरी काढून तशीच चार्जरांत खोंचतो. निकेलच्या बॅटरीचा जलद चार्जर ती भरली कीं नाहीं हें तिच्या वाढत्या उष्णतेवरून व दाबांतील बारीकशा घसरणीवरून ओळखतो. आधींच तापलेली बॅटरी मिळाली कीं त्याची फसगत होते. बॅटरी अर्धी रिकामी असतांनाच तो काम थांबवितो आणि दिवा हिरवा होतो. शिवाय निकेलची बॅटरी ४५ अंशांवर असतांना दिलेल्या विजेपैकीं सुमारें सत्तर टक्केच पदरांत घेते. बाकीची उष्णता होऊन तिच्याच अंगावर उलटते. लिथियमची तऱ्हा निराळी. ४५ अंशांच्या वर ती चार्ज करूं नये असा सामान्य दंडक आहे. चांगला चार्जर अशा वेळीं तांबडा दिवा लुकलुकवून नकार देतो, आणि लोक बॅटरी बिघडली असें समजतात. हलका चार्जर नकार देत नाहीं. तो वीज भरीतच राहतो, आणि बॅटरीचें आयुष्य मुकाट्यानें घटवितो.

दुसरें कारण ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. तें म्हणजे अति काळजी. संच कामावर नसला कीं तो चार्जरांत असावा, म्हणजे केव्हांहि हातीं घेतला तरी भरलेला मिळेल, असा दंडक अनेक ठिकाणीं असतो. हेतु चांगला, परिणाम वाईट. लिथियमच्या बॅटरीला पोट तुडुंब भरलेल्या स्थितींत राहणें मानवत नाहीं. त्यांत उष्णतेची भर पडली तर फारच नाहीं. अशी बॅटरी पूर्ण भरून २५ अंशांवर वर्षभर नुसती ठेवली तरी तिची सुमारें ऐंशी टक्के धारणाशक्ति उरते. ४० अंशांवर ठेवली तर सुमारें पासष्ट टक्केच. तीच चाळीस टक्के भरून ४० अंशांवर ठेवली तर पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे एकहि शब्द न बोलतां, केवळ भरल्या पोटीं उन्हाळा काढून बॅटरी आपल्या शक्तीचा तिसरा हिस्सा गमावूं शकते. निकेलच्या बॅटरीची गोष्ट थोडी वेगळी. भरलेली बॅटरी काढून पुन्हां चार्जरांत घातली कीं तो दर वेळीं नव्यानें जलद भरणी सुरू करतो. पाळी बदलतांना प्रत्येक माणूस ‘असूं द्या भरलेली’ म्हणून ती पुन्हां खोंचतो, आणि दिवसांतून तीनदां ती विनाकारण शिजते.

येथें एका जुन्या समजुतीचा समाचार घेणें अवश्य आहे. बॅटरी पूर्ण उतरल्यावांचून चार्ज केली तर तिला अर्धवटाची ‘संवय’ लागते, असें कित्येक जाणते लोकहि सांगतात. या समजुतीला आधार अगदींच नाहीं असें नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत कृत्रिम उपग्रहांतील निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांत असा प्रकार दिसून आला होता. पृथ्वीभोंवतीं फिरणारा उपग्रह नियमानें छायेंत जातो व बाहेर येतो. त्याची बॅटरी दर फेरीस नेमकी तितकीच उतरे आणि नेमकी तितकीच भरे. हजारों वेळां असें झाल्यावर तिनें त्यापुढें वीज देण्यास कुचराई केली. माणसाच्या हातचा वापर इतका काटेकोर कधींच नसतो. तरीहि निकेल-कॅडमियमची बॅटरी महिन्या-दोन महिन्यांतून एकदां, संच स्वतः बंद पडेपर्यंत वापरून मग भरली, तर आंत वाढलेले मोठे स्फटिक मोडतात आणि तिला तजेला येतो. लिथियमच्या बॅटरीला मात्र ही ‘संवय’ मुळींच लागत नाहीं. जुन्या समजुतीपायीं जे लोक ती दर वेळीं पार रिकामी करतात, ते तिच्यावर उपचार करीत नसून तिला उपाशी मारीत असतात.

आणि उपासमार हें तिसरें कारण. पाळी संपली, संच बंद करावयाचा राहिला, आणि तो कपाटांत रात्रभर कान देऊन बसला. बॅटरी तळापर्यंत उतरली. लिथियमच्या घटाचा दाब फारच खालीं गेला कीं आंतील तांबें विरघळूं लागतें व घट कायमचा अधू होतो. म्हणून संरक्षक योजना त्याआधींच वाट बंद करते, आणि बॅटरी मेल्यासारखी दिसते. निकेलच्या सहा घटांत याहून वेगळा अपघात घडतो. सहा बैल एका नांगराला जुंपले आणि त्यांतला एक अशक्त असला, तर बाकीचे पांच त्याला फरफटत नेतात. तसा सहांतील सर्वांत दुबळा घट अगोदर रिकामा होतो. इतरांचा प्रवाह मात्र त्याच्यांतून वाहतच राहतो आणि त्याला उलट दिशेनें भरूं लागतो. असें दोनचार वेळां झालें कीं तो घट संपला. आणि एक घट संपला कीं, पांच धडधाकट असूनहि, सबंध बॅटरी निकामी.

एवढीं कारणें सांगितल्यावर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, पुष्कळ बॅटऱ्या मेलेल्या नसतांनाच मेल्या म्हणून टाकल्या जातात. बॅटरी व संच जेथें एकमेकांस टेंकतात त्या धातूच्या पट्ट्यांवर घामाचा, धुळीचा, कापसाच्या तंतूंचा थर बसतो. या थरामुळें अर्धा ओहम एवढाच अडथळा निर्माण झाला असें धरा. स्वस्थ संचाच्या ६० मिलिअँपिअरांना तो जाणवतहि नाहीं; परंतु बोलतांना १५०० मिलिअँपिअर वाहूं लागले कीं पाऊण व्होल्ट तेथेंच नाहींसा होतो आणि संच बंद पडतो. ऐकूं चांगलें येतें, बोलूं गेलें कीं मान टाकतो, असें दिसल्यास बॅटरीला दोष देण्यापूर्वीं त्या पट्ट्या स्पिरिटांत भिजविलेल्या स्वच्छ फडक्यानें पुसून पाहाव्या. खरवडूं मात्र नयेत. वरचा मुलामा गेला कीं खालचा धातु लवकर काळवंडतो.

उलट, ज्याला आपण अकालीं मरण म्हणतों तें कधीं कधीं पिकलें आयुष्यहि असतें. बॅटरीचें वय जसें महिन्यांनीं वाढतें तसें भरण्या-उतरण्याच्या फेऱ्यांनींहि वाढतें. लिथियमची बॅटरी सामान्यतः तीनशें ते पांचशें पूर्ण फेऱ्या चांगल्या रीतीनें करते. एक संच तिन्ही पाळ्यांत वापरला जातो आणि त्याला दोन बॅटऱ्या आलटून पालटून लावल्या जातात, असें धरा. प्रत्येक बॅटरीच्या वांट्याला दिवसाला दीड फेरी, म्हणजे वर्षाला सुमारें साडेपांचशें फेऱ्या येतात. ती वर्षाअखेर थकली तर तिनें दगा दिला असें म्हणतां येत नाहीं. तिनें आपलें काम पुरें केलें. याच्या उलट, दुकानांत दोन वर्षें धूळ खात पडलेली बॅटरी गिऱ्हाइकाला नवी वाटते, पण तिचें वय खरेदीच्या दिवसापासून नव्हे, तर घडणीच्या दिवसापासून चालूं झालेलें असतें. म्हणून विकत घेतांना तिच्यावरील घडणीची तारीख वाचावी. आणि नेहमींच्याच आकाराची, पण दुप्पट शक्तीची, पुन्हां निम्म्या किंमतींत, अशी जाहिरात दिसल्यास खिशावरचा हात काढूं नये.

मग खरी बॅटरी आणि दमलेली बॅटरी ओळखावी कशी? मोजल्यावांचून ओळखतां येत नाहीं, हेंच याचें उत्तर. मोठ्या संस्थांपाशीं बॅटरी भरून, उतरवून तिची धारणाशक्ति सांगणारीं यंत्रें असतात. तीं नसलीं तरी एक साधा उपाय कोणालाहि करतां येतो. नवी बॅटरी येतांच तिच्यावर टिकाऊ शाईनें तारीख व क्रमांक घालावा. ती पूर्ण भरून, संच शांत अशा मार्गावर लावून, नुसता चालू ठेवावा. बॅटरी संपत आल्याची सूचना संच देतो तोंवर किती तास गेले तें वहींत लिहावें. दर तीन महिन्यांनीं हीच परीक्षा त्याच संचावर पुन्हां घ्यावी. सूचना मिळतांच मात्र संच बंद करावा. पहिल्या वेळीं पंचवीस तास लागले असतील आणि आतां वीसच लागत असतील, तर बॅटरी ऐंशी टक्क्यांवर आली. तिला जोखमीच्या कामावरून काढून हलक्या कामावर ठेवावी. पंधरा तासांवर आली कीं तिला निरोप द्यावा. या वहीला खर्च कांहीं नाहीं. जेथें ती ठेवलेली नसते तेथें दमलेली व ताजी बॅटरी एकाच पेटींत, एकाच हिरव्या दिव्याखालीं नांदत असतात, आणि कोणती कोणाच्या हातीं पडेल हें नशिबावर राहतें.

निगा राखण्याचे नियमहि थोडे आणि सोपे आहेत. उन्हांतून आलेली बॅटरी अर्धा-पाऊण तास सावलींत निवूं द्यावी आणि मग चार्जरांत घालावी. चार्जरची जागा पत्र्याखालीं किंवा दक्षिणेच्या खिडकींत नसावी. खानदेशांतील जुन्या धाब्याच्या घरांतला गारवा हीच त्याला योग्य जागा, आणि रात्रीचा उत्तरार्ध व पहांट ही योग्य वेळ. चार्ज होत असतांना संच बंद असावा. भरलेली बॅटरी दिव्याखालीं दिवसचे दिवस न ठेवतां काढून घ्यावी. राखीव बॅटरी महिनोन् महिने पडून राहणार असेल तर ती निम्म्याच्या आसपास भरून थंड व कोरड्या जागीं ठेवावी. निकेलच्या बॅटऱ्या पडल्या पडल्या महिन्याला दहा-वीस टक्के किंवा अधिकहि उतरतात, म्हणून त्या कामावर देण्याआधीं भराव्या; लिथियमच्या फार थोड्या उतरतात. घरांतील टेलिफोनालाहि हेंच शास्त्र लागू आहे. तो उन्हांत तापलेल्या मोटारींत सोडूं नये, उशीखालीं घालून चार्ज करूं नये, आणि ‘पूर्ण उतरूं दे, मग लावूं’ असा हट्टहि धरूं नये.

निरोप दिलेली बॅटरी केराच्या टोपलींत मात्र जाऊं नये. कॅडमियम हें विष आहे; तें जमिनींत मुरलें तर पाण्यांत व पिकांत उतरतें. लिथियमची बॅटरी चेंगरली तर पेट घेते. २०२२ सालच्या बॅटरी-कचरा नियमांनीं वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी ती तयार करणाऱ्यांवर टाकली आहे. गिऱ्हाइकानें त्या वेगळ्या ठेवून विक्रेत्याकडे किंवा गोळा करणाऱ्याकडे पोहोंचत्या कराव्या, एवढेंच त्याचें कर्तव्य.

भादलीच्या ठाण्यापुढून आज रात्रींहि गाड्या जातील, आणि त्यांच्या शेवटच्या डब्यांत कोणीतरी एकटा माणूस अंधारांत गाडीवर लक्ष ठेवून बसलेला असेल. बहुतेक रात्रीं त्याला सांगण्यासारखें कांहींच घडत नाहीं. संच कमरेला नुसता लटकत असतो, आणि म्हणूनच त्याची बॅटरी दमली आहे कीं नाहीं हें कोणास कळत नाहीं. ज्या एका रात्रीं त्याला बोलावें लागेल, त्या रात्रीं त्याचा शब्द सहासातशें मीटर पुढें पोहोंचेल कीं नाहीं, हें त्या रात्रीं ठरत नसतें. तें तीन महिन्यांपूर्वीं कोणी वही उघडून तास मोजले होते कीं नाहीं, आणि दुपारच्या उन्हांतून आलेली बॅटरी निवण्यासाठीं अर्धा तास थांबण्याचें कोणास सुचलें होतें कीं नाहीं, यावर आधींच ठरून गेलेलें असतें.